पाच किलो रेंव

म्हापशाला मिनिनच्या दुकानात
वाळू पिशव्यांत बसली होती:
एक निळी, एक गुलाबी, मंडपवाल्याकडून आणल्यासारखी,
आणि एक पांढरी, पिशवीवर समुद्राचा फोटो.
"ही व्हर," मिनिन म्हणाला, "काचेत उठून दिसता."
मी बोटाने चाचपली. टोचली.

माझे मासे तळाशी राहणारे, मिशांचे.
डोळे असून नसल्यासारखे,
मिशांनीच वास घेतात, मिशांनीच जेवण शोधतात.
धारदार खड्यांवर त्या मिशा झिजत जातात
आणि एक दिवस मासा
वाढलेल्या ताटापुढे उपाशी बसतो.

मग फुकटची आणली, मोरजीच्या किनाऱ्यावरून,
बिस्किटांचा डबा भरून.
चमचाभर बशीत घेतली, वर सुरेचं विनागर,
बांगड्याच्या मसाल्यात घालते तेच.
बशी फसफसली. कान जवळ नेला.
शिंपले विरताना फार बारीक बोलतात.
म्हणजे ही पाण्यात गप्प बसणार नव्हती,
रोज थोडं थोडं पाणी जड करत राहिली असती,
त्या पाहुण्यासारखी
जो काही मागत नाही आणि जातही नाही.
डबा परत नेऊन ओतला.
भरती होती. समुद्राने मोजून घेतली नाही.

शेवटी सोयरूकडे गेले.
शेजारीच राहतो, कोलवाळला, नदीच्या अंगाला.
बावीस वर्षं शापोऱ्यात बुड्या मारल्या त्याने:
रोवलेला बांबू धरून खाली,
श्वास पुरेल तेवढी बादली भरायची, वर येऊन होडीत ओतायची.
पर्वरीतले किती जिने
त्याच्या छातीतून वर गेलेत, त्याला ठाऊक नाही.
आता काम बंद आहे. होडी पालथी,
तिच्याखाली कोंबड्या उबवतात.

"रेंव जाय? कितली? ट्रक?"
पाच किलो, मी म्हटलं.
तो माझ्याकडे बघतच राहिला.
पाच किलो म्हणजे त्याच्या बादलीचा तळसुद्धा नाही.

घरामागे ढीग होता,
न बांधलेल्या दुसऱ्या खोलीचा. वर गवत आलेलं.
"माजराची कूस सोड," म्हणाला, "हांगाची घे."
मूठभर उचलून त्याने दोन बोटांत फिरवली,
मीठ चाखावं तशी जिभेवर ठेवली, थुंकला.
गोल होती. नदीने कितीतरी वर्षं चघळलेली.
विनागर टाकलं. बशी मुकी राहिली.

धुवायला बसले.
पहिलं पाणी चहा, तिसरं ताक,
सातवं तांदळाच्या धुवणासारखं.
सोयरू न सांगता मोजत होता.
अकराव्याला बादलीचा तळ दिसला,
तळावरचा कारखान्याचा शिक्कासुद्धा.
सगळं पाणी अबोलीला घातलं.

टाकीत दोन बोटं जाड पसरली, मागे थोडी चढती.
जास्त जाड नको, मी सांगू लागले,
खाली हवा मरते, कुजक्या अंड्याचे बुडबुडे येतात.
हे त्याला नवीन नव्हतं.
हाताला काळा चिखल लागला, तो वास आला,
की आम्ही जागा बदलायचो, तो म्हणाला.
वाळूवर बशी ठेवली, बशीवर हळूच पाणी,
म्हणजे तळ उठत नाही.
विनागराचीच बशी.

आठ दिवसांनी मासे सोडले. सोयरू बघायला आला,
पाय धुऊन, शर्ट घालून.
एक मासा खाली गेला,
तोंडभर वाळू घेतली,
चघळली, कल्ल्यांतून सोडून दिली.
पुन्हा गेला. पुन्हा.
चहावर साय धरली.
बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं,
मासा खाली असेतो
सोयरू श्वास घेत नव्हता.

"हाका दिसाक कितले?" त्याने विचारलं.
सकाळी तीन दाणे, मी म्हटलं, सांजेला तीन.
"बरें." थोडं थांबून,
"आनी आयतारा?"